अडुळशाच्या साक्षी

गेल्या पावसाळ्यात आठवडी बाजारातून एक पुडी घरी आली. अडुळशाच्या पानांची भुकटी. पुडीवर पानाचे चित्र होते, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असा नेहमीचा दिलासा होता आणि सर्वांत ठळक टंकात ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द होता. खोकला, कफ, दमा या शब्दांना मात्र फाटा दिलेला. किती घ्यावी, कशातून घ्यावी, कोणी घेऊ नये, याविषयी अक्षरही नव्हते. ज्या पानाची मराठी घराला असलेली ओळखच मुळी खोकल्याचे औषध अशी आहे, त्याच्यावरून खोकला पुसला जावा आणि त्या जागी रसायनाच्या प्रयोगशाळेतला एक शब्द येऊन बसावा, हे भाषेच्या अध्यापकाला स्वस्थ बसू देणारे नव्हते. वनस्पतीचे वर्णन करणारा शब्द बदलला की त्याबरोबर आणखी काय काय गळून पडते, हे पाहावे म्हणून या एका पानाचा इतिहास चाळला. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

अडुळशाचे संस्कृत नाव वासा. वासक, वृष, आटरूष ही त्याची आणखी नावे. मराठी अडुळसा, हिंदी अडूसा आणि गुजराती अरडूसी या नावांचा ओढा आटरूषाकडे आहे. दक्षिणेत मात्र नावाला वेगळीच कथा चिकटली. तमिळमधील ‘आडादोडै’ हे नाव ‘आडु’ म्हणजे शेळी आणि ‘तोडा’ म्हणजे न शिवणारी, असे फोडून सांगतात. व्युत्पत्ती लौकिक असेल, पण निरीक्षण खरे आहे. काट्याकुट्यांनाही न सोडणारी शेळी अडुळशाला तोंड लावत नाही. म्हणून तर तो कुंपणाला लावतात. हेच दक्षिणी नाव पुढे युरोपात गेले आणि लिनियसने १७५३ मध्ये या झुडपाचे ‘जस्टिशिया अधाटोडा’ असे बारसे केले. एका स्कॉटिश बागकाम-तज्ज्ञाचे आडनाव आणि आपल्याकडची शेळी अशी ही जोडी शास्त्रीय नावात सुखाने नांदते आहे.

शेळीचा हा उल्लेख केवळ गमतीचा नाही. गुजरातीत अरडूसी म्हणजे अडुळसा, पण अरडूसो, विशेषतः ‘मोटो अरडूसो’, म्हणजे महारुख. महारुख हा रस्त्याकडेला आणि बांधावर वाढणारा उंच वृक्ष. अडुळशाशी त्याचे कुळाचे नाते नाही. तथापि नावाच्या या सारखेपणामुळे महारुखाची पाने अडुळशाची म्हणून बाजारात येतात आणि औषधी द्रव्यांची पारख करणाऱ्यांना ही भेसळ चांगली परिचित आहे. आता योगायोग असा, की महारुखाचा पाला हा शेळ्यामेंढ्यांचा आवडीचा चारा आहे. म्हणजे पान हातात घेऊन दोन झाडांत गोंधळणाऱ्या माणसापेक्षा शेळीचा निवाडा अधिक भरवशाचा. वाळवून कुटलेल्या भुकटीपुढे मात्र बहुधा शेळीचाही इलाज चालायचा नाही.

आयुर्वेदीय निघंटूंत वासा तिक्त-कषाय रसाची, शीत वीर्याची आणि कफपित्तहर म्हणून येते. कास, श्वास, रक्तपित्त आणि क्षय हे तिचे प्रांत. वासा जगात आहे आणि रोग्याला जगण्याची आशा आहे, तोवर क्षयाच्या आणि रक्तपित्ताच्या माणसाने खचून जाऊ नये, अशा अर्थाचे एक आश्वासन वैद्यपरंपरेत पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले गेले. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध १९४३ चा. त्याआधी खोकल्यातून रक्त पडू लागलेल्या माणसाच्या घरात या आश्वासनाला काय मोल असेल, याची कल्पना आज करणे कठीण आहे.

पण त्याच परंपरेत गुणाबरोबर मात्राही येते, आणि हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. शार्ङ्गधरसंहितेत स्वरस, कल्क, क्वाथ अशा प्रत्येक कल्पनेचे प्रमाण ठरलेले आहे. ओल्या वनस्पतीचा पिळून काढलेला स्वरस पचायला जड, म्हणून त्याची मात्रा अर्धा पल, म्हणजे सुमारे दोन तोळे. अडुळशाचे पान नुसते कुटून रस फारसा देत नाही. त्यासाठी पुटपाकाची युक्ती सांगितलेली आहे. पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायचा आणि मग पिळायचा. घरोघरी पाने तव्यावर गरम करून किंवा वाफवून रस काढतात व मधातून देतात, ते याच पुटपाकाचे सुटसुटीत रूप. या सगळ्या खटाटोपाचा एक आपसूक परिणाम असा होता, की माणूस अडुळसा मूठमूठ खाऊ शकत नव्हता. चव कडू, रस थोडा आणि कृती वेळखाऊ. मात्रेची राखण ग्रंथ करीत होताच; कडूपणाही करीत होता. गोळ्यांच्या जिलेटिनी आवरणाने ही दुसरी राखण काढून घेतली.

पानाच्या गुणाची हमी कोण देतो, हाही या इतिहासातला एक धागा आहे. कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. त्याचा पहिला खंड १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला गेला. या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचे एक साक्षपत्र आहे. १६७५ चे हे पत्र कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत आहे. नागरी अक्षरांच्या छपाईच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते, म्हणून मुद्रणाचे अभ्यासक त्याकडे वळतात. मला त्यातला मजकूर अधिक मोलाचा वाटतो. आपण दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ बसून वनस्पतींची नावे, गुण आणि उपयोग ग्रंथावरून व अनुभवावरून सांगितले, असे ते तिघे स्वतःच्या नावानिशी नमूद करतात. ग्रंथाच्या मूळ माहितीचा मोठा वाटा ज्याचा, त्या इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचेही स्वतंत्र साक्षपत्र तेथेच आहे. त्या काळच्या ज्ञानव्यवहारात मालक कोण आणि सांगणारा कोण हे प्रश्न आहेतच. पण सांगणाऱ्याचे नाव आहे, त्याने कशाच्या आधारे सांगितले हे आहे, आणि चूक निघाली तर कोणाकडे बोट दाखवायचे हेही आहे. माझ्या पुडीवर यातले काहीच नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साक्षीचे स्वरूप बदलले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ मध्ये मुंबईच्या औषधी द्रव्यांची सूची इंग्रजीत प्रसिद्ध केली. मराठी वाचकाला ते रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून ठाऊक असतात. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांतले ते एक होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. पुढे डायमॉक, वॉर्डन आणि हूपर या त्रयीने ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा तीन खंडांचा ग्रंथ १८९३ पर्यंत पुरा केला. यांपैकी डेव्हिड हूपर हा उटकमंडला सिंकोनाच्या सरकारी मळ्यांसाठी काम करणारा रसायनज्ञ. त्याने १८८८ मध्ये अडुळशाच्या पानांतून एक अल्कलॉइड वेगळे काढले आणि वासा या नावावरूनच त्याला ‘व्हॅसिसीन’ म्हटले. संस्कृत नाव असे रसायनशास्त्रात शिरले.

हूपरच्या पिढीने पानाची दुसरीही बाजू पाहिली होती. पंजाबात सतलजच्या खोऱ्यात पाणी भरलेल्या भातखाचरांत अडुळशाचा पाला पसरत. त्याने खत तर होईच, शिवाय पाण्यातले तणही मरे. पानांचा अर्क कीटकांना आणि लहान जलचरांना मारक ठरतो, अशी नोंद त्या काळच्या लेखनात आहे. शेळी पानाला तोंड का लावत नाही, याचे उत्तर बहुधा इथेच असावे. झाड आपले अल्कलॉइड आपल्यासाठी बनविते. आपल्या खोकल्याचा विचार त्याच्या मनात नसतो. औषध आणि विष ही एकाच गुणाची दोन नावे असून त्यांच्यामध्ये फक्त प्रमाण उभे असते, ही गोष्ट वैद्यांना ठाऊक होती आणि हूपरलाही.

मराठीत या सुमारास शंकर दाजीशास्त्री पदे यांची ‘आर्यभिषक्’ आणि ‘वनौषधिगुणादर्श’ ही पुस्तके घराघरांत पोहोचली. १९०७ मध्ये नाशिकला अखिल भारतीय स्वरूपाचे पहिले आयुर्वेद संमेलन भरविणारे तेच हे पदेशास्त्री. त्यांचे श्रेय असे, की जे वैद्याच्या मुखात होते ते त्यांनी सामान्य वाचकाच्या हाती दिले. पण त्याच्या उलट बाजूला एक प्रश्नही आहे. वैद्य समोर बसून नाडी पाहत असे आणि मगच अडुळसा देत असे. पुस्तकाला नाडी पाहता येत नाही. छापील पानाने झाडाचे पान स्वस्त केले, तसे काही अंशी एकाकीही केले.

कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांनी देशी औषधांची आधुनिक पद्धतीने तपासणी आरंभिली. अडुळशावरचे त्यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्याचे काम १९२५ चे. अडुळशाने कफ पातळ होतो, खोकला सुसह्य होतो, जुनाट श्वासनलिकादाहात आराम पडतो, हे चोप्रांनी मान्य केले. क्षयाच्या बाबतीत मात्र खोकल्याची ढास कमी होण्यापलीकडे त्यांची साक्ष जात नाही. जुन्या आश्वासनाला लागलेली ही कात्री क्षयरोग्याच्या दृष्टीने क्रूर होती, पण प्रामाणिक होती. पूर्वसूरींविषयी आदर असूनही त्यांच्या वचनातले किती खरे धरायचे, हे चोप्रांनी मोजून सांगितले. देशी औषधांच्या अभिमानाच्या त्या काळात हे सोपे नसणार.

यापुढचा टप्पा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार मार्मिक आहे. १९५९ मध्ये अमीन आणि मेहता या दोन संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात अडुळशातले आणखी एक अल्कलॉइड जाहीर केले. त्याचे नाव व्हॅसिसिनोन, आणि श्वासनलिका रुंदावण्याचा गुण त्याच्या ठायी आहे. हे व्हॅसिसिनोन येते कोठून? व्हॅसिसीनचा हवेशी संपर्क आला की त्याचे आपोआप ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून ते तयार होते. ज्या पानावर आज ‘ऑक्सिडीकरणविरोधी’ म्हणून शिक्का मारला जातो, त्याच्या एका उपयोगी द्रव्याचा जन्मच ऑक्सिडीकरणातून होतो! पुडी छापणाऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

व्हॅसिसीनच्या रेणूवर बेतून जर्मनीतल्या बोरिंगर इंगेलहाइम या कंपनीने ब्रोमहेक्सीन हे औषध तयार केले आणि १९६३ मध्ये ते बाजारात आणले. अँब्रॉक्सॉल हे त्याचेच पुढचे रूप. आज औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणणारे कितीतरी लोक नकळत अडुळशाच्या नातवंडांना घरी आणत असतात. या नातवंडांवर पहारा मात्र कडक आहे. त्यांच्यामुळे क्वचित तीव्र ॲलर्जी आणि त्वचेचे गंभीर विकार उद्भवतात असे दिसल्यावर २०१५ मध्ये युरोपीय औषध नियामकांनी माहितीपत्रकात तशी सूचना घालावयास लावली. धोका लहान होता, तरी छापला गेला. आजोबांच्या पुडीवर तेवढीही ओळ नाही, कारण ते नैसर्गिक.

येथे घरातली एक आठवण सांगणे आवश्यक आहे. आमच्या परसात अडुळसा होता आणि आजीचा त्यावर मोठा विश्वास. पण माझी काकू गरोदर असताना तिला खोकला झाला, तेव्हा आजीने तिला अडुळशाचा रस दिला नाही. आले आणि मध यांवर भागविले. पोटुशी बाईला अडुळसा चालत नाही, एवढेच ती म्हणाली. का, असे विचारल्यावर ‘चालत नाही म्हणजे नाही’. पुढे शिकलोसवरलो तेव्हा ही आजीच्या अनेक विधिनिषेधांतली एक समजूत म्हणून मी सोडून दिली होती.

जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात व्हॅसिसीनवर जे काम केले, ते वाचताना आजी आठवली. व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन घडवून आणते, प्राण्यांत त्याने गर्भपातही होतो, असे त्यांना आढळले. १९८० मध्ये अटलांनी या सर्वाचे संकलन प्रसिद्ध केले. लोकव्यवहारात याची जाण पूर्वीपासून होती. सुलभ प्रसूतीसाठी वासामुळाचा लेप सांगितलेला आहे, आणि हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशांत प्रसूतीला चालना देण्यासाठी स्त्रिया अडुळशाचा उपयोग करीत आल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. पानांच्या अर्कावरचे उंदरांवरील प्रयोग मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत गर्भपात घडला, काहींत घडला नाही. २००० साली या सर्व पुराव्याचा चिकित्सक आढावा घेणाऱ्यांनाही ही विसंगती नोंदवावी लागली. निष्कर्ष अनिश्चित असला तरी गरोदरपणी अडुळसा टाळावा, हे शहाणपण त्या अनिश्चिततेतूनच निघते. आजीचे म्हणणे यापेक्षा वेगळे नव्हते. फक्त ते तोंडी होते, बायकांच्या व्यवहारातले होते, आणि ज्यांनी अडुळशाचे गुण छापले त्यांपैकी अनेकांनी ते छापण्याजोगे मानले नाही.

आता तो ठळक शब्द. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये मुरो आणि द्युफ्रेस हे दोन रसायनज्ञ ॲक्रोलीन नावाचे द्रव्य टिकवून ठेवण्याच्या खटपटीत होते. काही पदार्थांची अत्यल्प मात्रा घातली की हवेने होणारा बिघाड थांबतो, असे त्यांना दिसले. या पदार्थांना त्यांनी ‘अँटिऑक्सिजन’ असे नाव दिले. रबर चिरू नये, तेल खवट होऊ नये, यासाठी या ज्ञानाचा मोठा उपयोग झाला. १९५६ मध्ये डेनम हार्मन यांनी मांडले, की वार्धक्य हेही एक प्रकारचे खवटणे असून शरीरातले ‘मुक्त मूलक’ त्याला कारण आहेत. हार्मन डॉक्टर होण्यापूर्वी शेल या तेलकंपनीत रसायनज्ञ होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांना ही कल्पना का सुचली असेल याचा उलगडा होतो. कल्पना सुंदर होती. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी शरीरातच अशा मूलकांचा निकाल लावणारे विकर असल्याचे दाखविले, तेव्हा तिला बळही मिळाले. तेथून ‘अँटिऑक्सिडंट जितके अधिक तितके बरे’ या समजुतीपर्यंतची उडी शास्त्राने नव्हे, उत्साहाने घेतली.

या उत्साहाची परीक्षा फिनलंडमध्ये झाली. धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवरील पाहणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतली अशीच एक चाचणी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. अर्थात या गोळ्या होत्या, पाने नव्हेत, आणि पालेभाजी खाण्याविरुद्ध यातून काही सिद्ध होत नाही. पण ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द स्वतःच सुरक्षिततेची ग्वाही असतो, हा समज तेव्हाच संपायला हवा होता. जंतूंना मारण्यासाठी आपल्या पांढऱ्या पेशी ऑक्सिडीकरण करणारी द्रव्येच वापरतात. शरीराला दोन्ही लागतात.

मग प्रत्येक पानावर हा शब्द येतो कसा? आमच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी मला ते प्रत्यक्ष दाखविले. डीपीपीएच नावाचे एक जांभळ्या रंगाचे द्रव्य असते. १९५८ मध्ये ब्लॉइस यांनी त्यावर आधारलेली चाचणी सुचविली. नळीत जांभळा द्राव घ्यायचा, पानाचा अर्क घालायचा. रंग पिवळा पडला की पान उत्तीर्ण. चाचणी स्वस्त, जलद आणि देखणी आहे, त्यामुळे पदव्युत्तर प्रकल्पांत ती फार प्रिय आहे. अडचण इतकीच, की बहुतेक हिरव्या पानांत फिनॉल वर्गातली द्रव्ये असतातच आणि बहुतेक पाने उत्तीर्ण होतात. अडुळसा होतो, पेरू होतो, चहा होतो. तंबाखूही होते. कण्हेरही होते, आणि कण्हेरीने काय होते हे खेड्यापाड्यांत सांगावे लागत नाही. काचेच्या नळीतला हा रंगबदल पोटात गेलेल्या पानाविषयी फारच थोडे सांगतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशा मोजमापांचा एक तक्ता आपल्या संकेतस्थळावर ठेवला होता; त्या आकड्यांचा आरोग्याशी संबंध सिद्ध होत नाही आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, या कारणास्तव २०१२ मध्ये तो काढून घेतला.

‘कफघ्न’ म्हटले की कोणाचा कफ, किती जुना, असे प्रश्न लगेच उभे राहतात. ‘तिक्त’ म्हटले की जीभ साक्ष देते. ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाला ना रोग आहे, ना रोगी, ना मात्रा, ना पथ्य. तो सर्वांना, सर्वकाळ, कितीही लागू पडतो. विक्रेत्याला याहून सोयीचा शब्द कोणता मिळणार?

असाच दुसरा शब्द म्हणजे ‘प्रतिकारशक्ती’. करोनाच्या साथीत २०२० साली गुळवेलीचे काढे घरोघर उकळू लागले, तेव्हा तो सर्वत्र होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांकडे गुळवेल घेतलेले, यकृताला इजा झालेले ६ रुग्ण आले. त्यांचा वृत्तांत २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने तो दिशाभूल करणारा ठरविला आणि रुग्णांनी घेतली ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ असू शकेल, असे सुचविले. पान हृदयाकृती, वेल तशीच. गोंधळ होणे अशक्य नाही. २०२२ मध्ये १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास पुढे आला आणि त्यातल्या अनेकांत शरीराने स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्याच्या खुणा होत्या. लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि बहुतेकांना काही झाले नाही, हेही खरेच. पण मंत्रालयाचे म्हणणे मान्य केले तरी प्रश्न सुटत नाही. माणसे कोणती वेल उकळत आहेत हेच ठाऊक नसेल, तर ‘गुळवेल सुरक्षित आहे’ या विधानाचा काढा पिणाऱ्याला उपयोग काय?

माझ्या पुडीचे काय झाले, ते सांगतो. वनस्पतिशास्त्र विभागातल्या बाईंनी भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. अडुळशाच्या कुळातल्या पानांत सिस्टोलिथ नावाचे चुन्याचे खडे पेशींत बसलेले असतात आणि पर्णरंध्रांच्या दोन्ही बाजूंना रंध्राला काटकोनात असलेल्या दोन पेशी असतात. महारुखात हे नसते. खडे दिसले, रंध्रेही तशीच. पुडीत अडुळसाच होता. बाईंनी पुडी परत देताना किती चमचे घेता म्हणून विचारले. मी पुडी उलटसुलट करून पाहिली. वजन, किंमत आणि पुडी बांधल्याचा महिना एवढेच छापलेले होते.